संत्र्याच्या गावी सफरचंद



गेल्या तीन महिन्यांत या स्तंभाच्या तीन वाचकांनी एकच प्रश्न आपापल्या परीने विचारला आहे. पहिल्या वाचकांचे इतवारीत धान्याचे दुकान आहे आणि कळमेश्वरच्या बाजूस वडिलोपार्जित सहा एकर संत्र्याची बाग. दुसऱ्यांनी निवृत्तीनंतर वर्धा मार्गाच्या आत लहानसे शेतघर बांधले आहे. तिसऱ्या वर्धमाननगरातील एक भगिनी. त्यांच्या अंगणात एक लिंबू व एक पेरू असून आणखी एखाद्या झाडापुरती जागा उरली आहे. प्रश्न असा, की ४५ अंशांच्या उन्हात येणारे सफरचंद म्हणून जी कलमे हल्ली विकली जातात ती घ्यावीत काय? पहिल्या वाचकांच्या चिरंजीवांचा तर सहा एकरांपैकी दोन एकर संत्रा तोडून तेथे सफरचंद लावण्याचा विचार पक्का होत आला आहे. त्यांनी मला जो प्रकल्प अहवाल दाखवला, तशा स्वरूपाचे कागद वाचण्यात माझी तीस-पस्तीस वर्षे गेली. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. उष्ण प्रदेशात सफरचंद येते, ही थाप नव्हे. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यात पनियाला नावाचे गाव आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १८०० फूट, म्हणजे सफरचंदाच्या मानाने सपाटीच. तेथील शेतकरी हरिमन शर्मा यांनी १९९८ मध्ये घरच्यासाठी बाजारातून सफरचंदे आणली आणि खाऊन झाल्यावर बिया परसात टाकल्या. दुसऱ्या वर्षी त्यातून एक रोप उगवलेले त्यांना दिसले. त्यांनी ते जपले आणि २००१ मध्ये त्याला फळ धरले. त्याच झाडाच्या काड्या घेऊन त्यांनी कलमे बांधली आणि त्या वाणास एचआरएमएन-९९ हे नाव मिळाले. पुढे नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन या संस्थेने देशाच्या निरनिराळ्या राज्यांत त्याच्या चाचण्या घेतल्या. २०२५ मध्ये शर्मा यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या राज्यातही सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात आणि नाशिक जिल्ह्यातील बागलाणात सफरचंदाची झाडे फळली आहेत. वृत्तपत्रांत त्यांची छायाचित्रे आली आणि तेव्हापासून रोपे विकणाऱ्यांचा हंगाम बारमाही झाला.

झाडाला फळ येते, येथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. माझा प्रश्न पुढचा आहे: नागपूरजवळ, विकत घेतलेल्या पाण्यावर आणि व्याजाच्या पैशावर लावलेल्या दोन एकरांत ते परवडेल इतके येईल काय? त्यासाठी प्रथम सफरचंद काय मागते ते पाहावे लागेल.

सफरचंदाचे मूळ घर मध्य आशियातील तिएनशान पर्वताच्या उतारांवर आहे. कडाक्याच्या हिवाळ्यात तग धरण्यासाठी हे झाड पाने गाळून झोपी जाते. झोप मोडण्याची त्याची रीत मोठी सावध आहे. जानेवारीत चार दिवस ऊन पडले म्हणून ते फसत नाही. पुरेशी थंडी अंगावरून गेल्याची खात्री पटल्याखेरीज त्याचे डोळे फुटत नाहीत. ही खात्री तासांत मोजतात. साधारणपणे शून्य ते ७ अंश सेल्सिअस या टप्प्यातील प्रत्येक तास म्हणजे थंडीचा एक तास. काश्मीर-हिमाचलच्या डिलिशियस जातींना असे हजाराहून अधिक तास लागतात. डिसेंबर आणि जानेवारीच्या ६२ दिवसांचे मिळून तास होतात १४८८. म्हणजे त्या झाडासाठी या दोन महिन्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक वेळ पारा सातच्या खाली हवा.

कमी थंडी मागणारे वाणही आहेत. इस्राएलमध्ये तयार झालेले ॲना सुमारे २०० ते ३०० तासांत जागे होते. बहामा बेटांवर बियांपासून उगवलेले डॉर्सेट गोल्डन त्याहून कमी थंडीत भागवते. एचआरएमएन-९९ याच कुळाचारातले. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने ॲना व डॉर्सेट गोल्डनची शिफारस केली, ती याच गुणामुळे. परंतु पंजाबचा हिवाळा आणि आपला हिवाळा यांत फरक आहे. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, ही गोष्ट त्या दिवशी फिरायला निघालेले लोक अजून सांगतात. पण सांगतात ती अपूर्वाई म्हणूनच. एरवी डिसेंबर-जानेवारीत येथील रात्रीचे सरासरी किमान तापमान १२-१३ अंशांच्या आसपास असते. एखाद्या थंड रात्री सहा तास पारा सातच्या खाली राहिला असे धरले, तर ३०० तासांसाठी अशा ५० रात्री हव्यात. नागपुरात त्या बोटांवर मोजण्याइतक्या.

याहून अडचणीची बाब दिवसाची आहे. १९७४ मध्ये अमेरिकेतील युटा येथील अभ्यासकांनी थंडीचे तास मोजण्याची एक सुधारित पद्धत मांडली. तिच्यात थंड तासांची बेरीज होते, पण १६ अंशांच्या वरचे तास वजा होतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रात्री जमा आणि दिवसा उचल. आपल्याकडे जानेवारीतही दुपारी २८ अंश असतात. पहाटे चार रुपये भरायचे आणि दुपारी आठ काढायचे, अशा खात्यावर वर्षअखेरीस काय शिल्लक राहील, हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. थंडी अपुरी पडली म्हणजे झाड मरत नाही. ते अर्धवट झोपेत राहते. एका फांदीवर फेब्रुवारीत पालवी, दुसरीवर एप्रिलमध्ये दोन फुले, तिसरी नुसती काठी. अशा झाडावर पाच-पंचवीस फळे लागतात, त्यांचे छायाचित्रही उत्तम येते. मात्र बाग एकदम फुलत नाही, म्हणून एकदम तोडणीला येत नाही, आणि एकदम तोडणीला न येणारा माल गाडी भरून बाजारात जात नाही.

मग जतला झाडे फळली ती कशी? येथे मला आपल्या महाराष्ट्रातील बागाइतदारांचे मोठे कौतुक वाटते. ऋतू नसला तर तो हाताने घडवण्याची विद्या त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. नागपुरी संत्र्याचेच पाहा. अंबिया बहारासाठी डिसेंबरात बागेचे पाणी तोडतात. थंडी आणि तहान मिळून झाडाला विश्रांती देतात. मग पाणी सोडले की फेब्रुवारीच्या सुमारास बाग पांढरी होते. मृग बहाराला मे महिन्याच्या उन्हात ताण देतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर फुले घेतात. ज्याला विदर्भातला शेतकरी ताण म्हणतो, तो हिवाळ्याचा पर्यायच होय. डाळिंबवाले याच्या पुढे जातात. ताण देऊन झाल्यावर औषध फवारून ते झाडाची पाने गाळतात. नाशिक-सांगलीचा द्राक्षवाला वर्षातून दोनदा छाटणी करतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरात फळछाटणी. वास्तविक द्राक्षवेलही थंड हवेची, हिवाळ्यात झोपणारी. तिला आपल्या लोकांनी कात्रीच्या जोरावर या हवेत नांदवले. जत तालुका डाळिंब आणि द्राक्षाचा. तेथे सफरचंद प्रथम फळावे यात मला नवल वाटत नाही. रोप परके असले तरी ज्या हातांत पडले ते हात पानगळ, छाटणी आणि ताण या तिन्ही गोष्टी जाणणारे होते. शिवाय तो भाग नागपूरपेक्षा उंचावर आहे, पाऊस आपल्या निम्म्याच्या आसपास आणि मे महिन्यातील ऊन आपल्यापेक्षा बरेच सौम्य. सांगली-कोल्हापूरकडील आपला जैन समाज मुळात शेतकरी आहे. तिकडच्या कोणा नातलगाला विचारलेत तर हे सर्व माझ्यापेक्षा चांगले सांगेल.

या विद्येचे जगातील सर्वांत मोठे उदाहरण इंडोनेशियात आहे. पूर्व जावा बेटावर मलंग शहराजवळ बातू नावाचे डोंगरी गाव आहे. डच लोकांनी तेथे सफरचंद नेले आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या मोठ्या बागा झाल्या. विषुववृत्तापासून अवघ्या आठ अंशांवरील हा प्रदेश. तेथे हिवाळा हा शब्दच निरर्थक. तरी त्या लोकांनी वर्षाला दोन पिके घेऊन दाखवली. त्यांची युक्ती अशी: फळे उतरवल्यावर महिनाभराने झाडाची सगळी पाने हाताने ओरबाडून काढायची. झाड गाढ झोपेत जाण्यापूर्वीच त्याला पानांवाचून उघडे करायचे, फांद्या आडव्या वाकवून बांधायच्या. म्हणजे थंडीची वाट न पाहता डोळे फुटतात आणि फुले येतात. एक-एक झाड, एक-एक पान, आणि वर्षातून दोनदा. मजुरी किती होत असेल याचा विचार आपण करावा. आणि लक्षात घ्यावे की या बागा डोंगरात आहेत, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आगेमागे, जेथे बारमाही हवा आपल्याकडच्या सुखद नोव्हेंबरासारखी असते. नागपूरची उंची ३१० मीटर.

बातूची पुढची हकीकत आपल्या पहिल्या वाचकांनी मुद्दाम वाचावी. गेल्या काही वर्षांत तेथील हवा तापू लागली, झाडे जुनी झाली, औषधे व मजुरी महागली आणि सफरचंदाचे उत्पादन घसरत गेले. त्यामुळे तेथील अनेक शेतकऱ्यांनी सफरचंदाची झाडे तोडली आणि त्या जागी काय लावले, तर संत्र्याच्या जातीची फळझाडे! ज्यांनी सत्तर वर्षे हा खटाटोप केला ते आपल्या पिकाकडे वळत आहेत, आणि आपण त्यांच्या पिकाकडे.

पाने ओरबाडण्याच्या या पद्धतीविषयी एक गोष्ट मनात आली, ती सांगतो. आपल्या मंदिरांत षट्लेश्यांचे चित्र असते. एकाच जांभळाच्या (कोठे आंब्याच्या) झाडापाशी सहा भुकेले जण. कृष्ण लेश्येचा माणूस मुळावर कुऱ्हाड घालतो, नील लेश्येचा बुंध्याजवळ, कापोत लेश्येचा फांदी तोडतो. असे उतरत उतरत शुक्ल लेश्येचा माणूस जमिनीवर आपोआप पडलेली फळे वेचतो. फळाला हात न लावता झाडाचे प्रत्येक पान उपटणारा मनुष्य त्या चित्रात कोठे बसवायचा, हे मला ठरवता आले नाही. संत्र्याचा ताणही सुखाचा नसतो, हे मान्य. तिथीला हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्या घरांनी एकेंद्रिय जीवाच्या अशा व्यवहारात पडावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा भाग, महाराजसाहेबांना विचारावे. मात्र निरोगी, फळती, बारा वर्षांची संत्र्याची दोनशे-अडीचशे झाडे मुळापासून काढायची, याला त्या चित्रात जागा आहे, आणि ती कोणती हे सर्वांना ठाऊक आहे.

आता नागपूरचा उन्हाळा. अहवालात लिहिले आहे की झाड ४५ अंशांत टिकते. टिकत असेल. पण २०१३ च्या मे महिन्यात येथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. (२०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवून शहरभर खळबळ उडवली, नंतर हवामान खात्याने संवेदक नादुरुस्त असल्याचे सांगितले. त्या दोन दिवसांत पुष्कळांनी ते खरे मानले, यावरून आपला उन्हाळा कसा आहे ते कळते.) या वाणाची फळे जूनमध्ये तयार होतात. याचा अर्थ ती भरतात एप्रिल-मेमध्ये. उन्हाकडील बाजूस फळाच्या सालीचे तापमान हवेपेक्षा पुष्कळच चढते आणि साल भाजते. पांढरी जाळी, ठिबक, बुंध्याभोवती आच्छादन या उपायांनी हे कमी होते. पण ते सर्व खर्चाच्या बाजूला लिहावे लागते. दुसरे असे की सफरचंदाला लाली येते ती गार रात्रींमुळे. आपल्या मे महिन्यातील रात्री तीस अंशांच्या आसपास असतात. त्यामुळे फळ पिवळसर राहते, एखादी गुलाबी झाक आली तर आली. उष्णतेत पिकलेल्या फळाचा गरही मऊ होतो आणि ते फार दिवस टिकत नाही. चवीला गोड असते हे खरे आहे, पण कळमन्याच्या बाजारात गिऱ्हाईक पेटीकडे पाहते ते प्रथम रंगासाठी.

जमिनीविषयी थोडक्यात. कळमेश्वर-काटोलची काळी, चुनखडीची जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. संत्र्याला यामुळे डिंक्या होतो. ज्या बुरशीमुळे तो होतो तिच्याच जातकुळीची बुरशी सफरचंदाचा बुंधा कुजवते. संत्र्यासाठी आपल्या लोकांनी जंबेरीचा खुंट शोधला, त्यावर डोळा भरला आणि दीडशे-दोनशे वर्षांत ते झाड या मातीत रुळवले. वाचकांपैकी कोणी म्हणेल, की संत्रादेखील येथले नव्हतेच. बरोबर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी ते औरंगाबादेहून आणून आपल्या बागेत लावले असे सांगतात, आणि भौगोलिक मानांकन त्याला मिळाले २०१४ मध्ये. मधल्या काळात किती बागा बुडाल्या त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. हिमाचलातही सफरचंद पाहुणेच होते. सॅम्युअल स्टोक्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतून रेड डिलिशियसची रोपे आणून कोटगढला लावली, तेव्हापासून तेथील बाजारपेठ उभी राहिली. पण तेथे हिवाळा आयता होता.

एक साधा व्यवहारी प्रश्न. एखाद्या सकाळी झाडाची पाने पिवळी पडलेली दिसली तर विचारणार कोणाला? संत्र्यासाठी केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था अमरावती मार्गावर आहे, स्कूटरवर पान घेऊन जाता येते. शिवाय शेजारच्या बांधावर तीन पिढ्या संत्रा केलेला माणूस असतो. सफरचंदाचे जाणकार सोलनला व श्रीनगरला. रोप विकणारा दूरध्वनीवर भेटेल, जोवर त्याच्याकडे विकायला रोपे आहेत तोवर.

आता अहवालातील आकड्यांकडे वळतो. तिसऱ्या वर्षापासून पूर्ण उत्पन्न धरले आहे. समजा दोन एकरांना जाळी, ठिबक, खांब, रोपे मिळून पाच लाख रुपये लागले आणि ते दहा टक्के चक्रवाढीने घेतले. तीन वर्षांनी ती रक्कम होते ६,६५,५००. उत्पन्न पाचव्या वर्षी सुरू झाले तर ८,०५,२५५. केवळ दोन वर्षांच्या उशिराची किंमत १,३९,७५५ रुपये, आणि त्यात खत, पाणी, रखवाली धरलेली नाही. याहून मोठी रक्कम अहवालात मुळीच नाही. वीस फुटांवर संत्रा लावला तर एकरी सुमारे १०९ झाडे बसतात. दोन एकरांतील ही सव्वादोनशे झाडे आज जे उत्पन्न देतात, ते लागवडीच्या दिवसापासून बंद होणार. सोडलेले उत्पन्न हाही खर्चच असतो. दुकानात मालाची एक जात काढून दुसरी ठेवताना आपण तो मनातल्या मनात धरतो, शेताच्या बाबतीत का विसरतो हे कोडे आहे. कदाचित शेताकडे आपण रविवारी पाहतो म्हणून.

भावाची बाजूही पाहू. अहवाल म्हणतो, जूनमध्ये बाजारात स्थानिक सफरचंद दुसरे नसते, म्हणून चढा भाव मिळेल. हिमाचलचा नवा माल जुलैपासून आणि काश्मीरचा ऑगस्टनंतर जोर धरतो, हे खरे. पण जूनमध्ये बाजार रिकामा नसतो. शीतगृहातील मागच्या हंगामाचे लाल, कडक फळ असते, परदेशी पेट्या असतात आणि मुख्य म्हणजे आंबा असतो. पहिल्या वर्षी नागपूरचे सफरचंद म्हणून लोक कुतूहलाने घेतील, वाढीव भावानेही घेतील. नव्याचे नऊ दिवस हे आपल्या बाजारात नऊ पेट्या असतात. अहवालकाराने तो नवलाईचा भाव दहा वर्षे सलग लावला आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असते, हा मुद्दा त्याने जाड अक्षरांत छापला आहे. पण कर माफ होण्यासाठी आधी उत्पन्न व्हावे लागते. रोपवाटिकेत तयार केलेल्या रोपांच्या विक्रीचे उत्पन्नही कायद्याने शेतीचेच मानले जाते. म्हणजे या सर्व व्यवहारात खात्रीचे आणि करमुक्त असे उत्पन्न एकाच पक्षाचे आहे.

आणखी एक गोष्ट मला बोलल्यावाचून राहवत नाही. आपल्या समाजातील बहुतेकांची शेती म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. आठवड्यातून एकदा गाडी जाते, गड्याला सूचना दिल्या जातात, डबा खाऊन मंडळी परततात. जुना संत्रा अशी हयगय थोडीफार सोसतो, कारण गड्याला त्याचे सर्व कळते. ज्या झाडाची पाने कोणत्या आठवड्यात काढायची, फांदी किती वाकवायची, ताण कोणत्या दिवशी तोडायचा यावर सगळे पीक अवलंबून, ते झाड रोज पाहणाऱ्याचे आहे. जतच्या आणि पनियालाच्या गोष्टीत हा रोज पाहणारा माणूस मध्यभागी आहे. वृत्तपत्रातील छायाचित्रात तो कडेला उभा दिसतो, म्हणून आपले लक्ष फळावरच जाते.

असे असले तरी सफरचंद लावूच नये, असे माझे म्हणणे नाही. शेतघरवाल्या वाचकांनी पाच झाडे जरूर लावावीत. एकाच वाणाची पाच लावण्यापेक्षा एचआरएमएन-९९, ॲना व डॉर्सेट गोल्डन अशी मिसळ ठेवावी. ॲनाला फळासाठी दुसऱ्या वाणाचे पराग लागतात आणि डॉर्सेट गोल्डन त्याच सुमारास फुलते. हे पराग नेण्याचे काम मधमाशी करते. मधाचा त्याग असलेल्या आपल्या घरांना मधमाशीचे हे दुसरे काम सहसा ठाऊक नसते. तिच्या पोळ्याला हात न लावता तिला बागेत राहू द्यावे, फुलोऱ्यात फवारणी करू नये, एवढे केले तरी पुष्कळ. जागा उंचवट्याची निवडावी, दुपारनंतर सावली येईल अशी. रोपे जानेवारीत लावावीत आणि कलमाची गाठ मातीच्या वर चार बोटे राहील असे पाहावे. सर्वांत उपयोगी खरेदी मात्र रोपाची नव्हे; किमान तापमान नोंदवणारा एक साधा तापमापक घ्यावा, झाडाजवळ सावलीत टांगावा आणि १ डिसेंबर ते १५ फेब्रुवारीपर्यंत रोज सकाळी आकडा वहीत लिहावा. शहरापेक्षा शेतात पहाट दोन-तीन अंशांनी थंड असते. आपल्या बांधावरचा हिवाळा खरोखर किती आहे हे दोन वर्षांत कळेल, आणि ती माहिती आज कोणत्याही रोपवाल्यापाशी नाही.

वर्धमाननगरच्या भगिनींनी एक ॲना व एक डॉर्सेट गोल्डन मोठ्या कुंड्यांत लावावे, म्हणजे जागेची अडचण उरणार नाही. पेरूच्या सावलीने मे महिन्यात त्यांचा बचावही होईल. दहा फळे आली तरी घरचे सफरचंद गोचरीस वहोरावता येईल. ज्या परंपरेत बी काढून फोडी केल्यावर दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे, थांबतात, तेथे तेवढा वेळ पाळावा. जूनमध्ये फळ उतरले तर चातुर्मासाचा आरंभ जवळच असतो.

इतवारीच्या वाचकांना मी असे सुचवले आहे, की यंदाचा अंबिया बहार नेहमीप्रमाणे घ्यावा आणि संत्र्याला हात लावू नये. सफरचंदासाठी विहिरीजवळ जो रिकामा तुकडा आहे, तेथे दहा झाडे चिरंजीवांनी स्वतःच्या नावे, कर्ज न काढता लावावीत. वहीही त्यांनीच ठेवावी. पाच वर्षांत त्या दहा झाडांनी एकाच आठवड्यात फुलून दाखवले, तर दोन एकरांचा अहवाल घेऊन त्यांनी माझ्याकडे पुन्हा यावे. मी तो पहिल्यापासून वाचीन. चिरंजीवांना हे फारसे रुचलेले दिसले नाही. वडिलांनी मात्र त्याच संध्याकाळी दूरध्वनी करून विचारले, की तो तापमापक कोठे मिळतो.